लाँचीच्या पोटातली टाकी

श्रोतेहो, आजचा विषय थोडा तेलकट आहे. मासेमारीच्या जुन्या लाँचीत डेकच्या खाली, इंजिनाच्या बाजूला किंवा त्याच्याही मागे एका कोपऱ्यात डिझेलची टाकी बसवलेली असते. ती गंजली, गळू लागली म्हणजे बाहेर काढावी लागते, आणि ती सहजासहजी बाहेर येत नाही. ती काढायची कशी, आणि काढताना माणूस भाजू नये, गुदमरू नये म्हणून काय सांभाळायचे, ते आज पाहू. किनाऱ्यावरच्या शाळांतील गुरुजींनाही यात थोडे सामान मिळेल. भूमितीचे आणि विज्ञानाचे दोनचार धडे या टाकीत आयतेच पडलेले आहेत.

पावसाळ्यात, जून आणि जुलै या दोन महिन्यांत, यांत्रिक मासेमारी बंद असते. लहान होड्या वर ओढून शाकारल्या जातात, मोठ्या लाँची खाडीत आडोशाला उभ्या राहतात. नारळी पौर्णिमेच्या आत सगळी डागडुजी उरकायची असते. त्या घाईत इंजिनाकडे लक्ष जाते, पंख्याकडे जाते, जाळ्यांकडे तर जातेच. टाकीकडे मात्र कोणी बघत नाही. ती दिसतच नाही तर बघणार कोण? मग भाद्रपदात कधीतरी भर वाऱ्यात, खडकाळ किनारा जवळ असताना, इंजिन दोन आचके देते आणि बंद पडते. फिल्टर उघडला तर त्यात पाणी, गंजाचे कण आणि काळा बुळबुळीत गाळ. तांडेल फिल्टर बदलतो. तासाभराने पुन्हा तेच. दोष फिल्टरचा नसतो. तो बिचारा टाकीची घाण अडवून अडवून थकलेला असतो.

ही घाण येते कोठून? टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या अर्ध्या भागात दमट हवा भरते. रात्री पत्रा गार झाला म्हणजे त्या हवेतले बाष्प पत्र्याच्या आतल्या अंगाला थेंबाथेंबाने जमते, जसे थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून जमते तसे. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसते आणि तळ आतून खातो. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर एक प्रकारची बुरशी वाढते. फिल्टरमधला बुळबुळीत गाळ पुष्कळदा तिचाच असतो. बाहेरून वेगळीच गोष्ट. लाँचीच्या तळाला साचणारे खारे पाणी टाकीच्या बुडाला लागते. टाकी लाकडावर सपाट टेकवलेली असेल, किंवा धक्के बसू नयेत म्हणून तिच्याखाली गोणपाट अगर फोम घातलेला असेल, तर ते ओले सामान बारा महिने पत्र्याला चिकटून राहते. वरून रंग शाबूत आणि खालून चाळण, अशी पुष्कळ टाक्यांची स्थिती असते.

आता मुख्य अडचण. टाकी बाहेर का येत नाही? कारण ती आत गेली तेव्हा वर डेकच नव्हता. लाँच बांधताना आधी पठाण, मग वाक, मग बाहेरच्या फळ्या, मग इंजिन आणि टाकी, आणि सगळे आत बसल्यावर शेवटी डेक, असा क्रम असतो. १९५० नंतरच्या दशकात आपल्या देशात मासेमारीच्या होड्यांना इंजिने बसू लागली. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन केरळात क्विलॉनजवळ, म्हणजे आजच्या कोल्लमजवळ, या कामाचा एक मोठा प्रकल्प उभा राहिला. तेव्हापासून देशभर हजारो होड्या बांधल्या गेल्या. बांधणाऱ्याचे लक्ष मासे ठेवण्याचा खण मोठा करण्याकडे आणि खर्च आवरण्याकडे. वीस वर्षांनी ही टाकी कोण काढणार, याचा विचार त्याने केला नाही, आणि त्याला फार दोषही देता येत नाही. गिऱ्हाईकाने तो मागितलाच नव्हता.

अशा वेळी धक्क्यावर एक सल्ला हमखास मिळतो. कोणी म्हणतो, “अहो, त्यात काय एवढं! डिझेल काढून घ्या, टाकी रिकामी करा, गॅसकटरवाल्याला बोलवा. अर्ध्या तासात चार तुकडे करून देईल.” श्रोतेहो, आजच्या भाषणातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे ठेवा, की रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते. द्रवरूप तेल स्वतः जळत नाही. त्याची वाफ हवेत मिसळते आणि ते मिश्रण पेटते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर आत हवेला जागाच नाही. टाकी रिकामी केली की आत हवा शिरते, आणि भिंतींना, सांध्यांना, गंजाच्या पापुद्र्यांत चिकटलेले तेल त्या हवेला वाफ पुरवत राहते.

पेट्रोलची गोष्ट आधी सांगतो, कारण ती स्पष्ट आहे. मालवण-गोव्याकडे पर्यटकांना फिरवणाऱ्या होड्यांत पेट्रोलची इंजिने असतात. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण दीड टक्का झाले की ते मिश्रण ठिणगीने भडकू शकते. एक टाकी धरा, लांबी १.२ मीटर, रुंदी आणि उंची ०.६ मीटर. तिच्यात ४३२ लिटर मावतात. या सबंध टाकीतली हवा भडकण्याजोगी करायला किती पेट्रोल लागेल? हिशेब केला तर उत्तर येते दोन-तीन मोठे चमचे. तेवढे पेट्रोल “रिकाम्या” टाकीच्या कोपऱ्यात नेहमीच असते.

डिझेलचे तसे नाही, आणि म्हणूनच डिझेल माणसाला फसवते. थंड डिझेल फार थोडी वाफ देते, “डिझेल काय पेटतंय!” असे म्हणणारा माणूस आपला अनुभवच सांगत असतो. पण तो अनुभव थंड डिझेलचा आहे. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या डिझेलची वाफ किमान किती उष्णतेपर्यंत पेट घेऊ नये, याची मर्यादा मानकाने ३५ अंश सेल्सिअस ठरवलेली आहे. पुष्कळसे डिझेल याहून वरचे असते, तरी वैशाखात बंद इंजिनखोलीत पारा ३५च्या पुढे जातो हे कोणीही खलाशी सांगेल. आणि गॅसकटरच्या ज्योतीखालचा पत्रा तर वितळेपर्यंत तापतो. आतल्या अंगाला चिकटलेला तेलाचा थर त्या उष्णतेने उकळतो, वाफ होतो, आणि वाफ पेटवायला ज्योत जवळच असते. बंद टाकीत ते मिश्रण पेटले म्हणजे टाकीच फुटते, आणि ती माणसाच्या छातीपासून हातभर अंतरावर असते. म्हणून लाँचीच्या पोटात, तेलाच्या टाकीला, गॅसकटर नको, वेल्डिंग नको आणि ठिणग्या उडवणारा ग्राइंडरही नको. वेल्डिंगवाला कितीही हुशार असला तरी नको. येथे हुशारीचा प्रश्न नाही.

दुसरा धोका दिसत नाही आणि आवाजही करत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, तळाशी पाण्यासारखी पसरते आणि सांदीकोपऱ्यात साचते. गुरुजींना हे वर्गात दाखवता येईल, आणि त्यासाठी तेलाला हातही लावायला नको. एका खोल भांड्यात खाण्याचा सोडा घालून त्यावर व्हिनेगर ओता. जो वायू निघेल तो हवेपेक्षा जड आहे. फेस खाली बसल्यावर, द्रव न सांडता, नुसता वायू पेटत्या मेणबत्तीवर ओतल्यासारखे भांडे कलते करा. मेणबत्ती विझते. न दिसणारी वस्तू ओतता येते, हे मुलांना एकदा पटले की बोटीच्या तळाला काय साचते ते वेगळे समजावे लागत नाही.

याशिवाय बंद जागेत प्राणवायूच कमी पडू शकतो. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. ओला गंजका पत्रा बंद जागेतला प्राणवायू हळूहळू खात असतो, कारण गंजणे म्हणजे लोखंडाचा प्राणवायूशी संयोगच. मासे ठेवण्याच्या खणात कुजके पाणी राहिले असेल तर तेथे सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू तयार होतो, आणि तो जास्त झाला की नाकाला वास कळेनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे मुळीच नाही. अशा जागेत एक खलाशी उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. पहिला अपघाताने जातो, पुढचे दोघे मायेने जातात. म्हणून नियम असा, की खाली एक माणूस असेल तर फाळक्याच्या तोंडाशी दुसरा माणूस बसलेला हवा, खालच्या माणसाच्या कमरेला दोर हवा, आणि वरच्याने कोणत्याही कारणाने खाली उडी घ्यायची नाही, दोराने ओढायचे.

इतके सांगितल्यावर आता कामाला लागू.

काम सुरू करण्याआधी बॅटऱ्या सोडवून बाहेर काढा. आधी ऋण टोकाची तार, मग धन टोकाची. जेवणाचा स्टोव्ह आणि गॅसची टाकी किनाऱ्यावर न्या. विडीकाडी, मोबाईल फोन सगळे वर ठेवा. दोन बादल्या वाळू, ओली गोणपाटे आणि कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडे हाताशी असू द्या. सगळे फाळके उघडून निदान एक पूर्ण दिवस हवा खेळू द्या. पूर्वीचे खलाशी शिडाच्या कापडाची लांब नळी करून तिचे तोंड वाऱ्याकडे धरीत आणि दुसरे टोक तळाशी सोडीत. ही युक्ती आजही उत्तम आहे. विजेचा पंखा लावायचा तर तो बाहेर डेकवर ठेवा आणि ताजी हवा नळीने तळाशी ढकला. पंखा खाली ठेवून वाफ त्याच्यातून ओढू नका, कारण साध्या पंख्याच्या मोटरीत ठिणगी पडू शकते.

मग तेल काढायचे. हातपंप उत्तम. काढलेले डिझेल झाकणाच्या पिंपात भरा. ते गाळून, पाणी बसू देऊन पुन्हा वापरता येते. पंपाने येईनासे झाले म्हणजे टाकी रिकामी झाली असे नव्हे. इंजिनाला तेल देणारी नळी बुडापासून दोनअडीच सेंटिमीटर वर ठेवलेली असते, गाळ ओढला जाऊ नये म्हणून. आपल्या टाकीचे बुड १.२ गुणिले ०.६ मीटर, त्यावर अडीच सेंटिमीटरचा थर म्हणजे १८ लिटर. चांगली मोठी बादली भरून सांडेल एवढे तेल, पाणी आणि गाळ! टाकीला वर तपासणीचे झाकण असेल तर ते उघडून बारीक नळीने आणि चिंध्यांनी हा गाळ काढा. आत डोके घालू नका. हा गाळ खाडीत ओतायचा नाही, हे सांगायला नको. पण सांगतो, कारण ओततात. ज्या पुळणीवर आपल्याच घरच्या बायामाणसे तिसऱ्या आणि कालवे काढतात, तेथेच तो भरतीबरोबर परत येतो. टाकाऊ तेल घेणारे परवानाधारक असतात, त्यांना द्यावा.

टाकीला साधारणपणे चार नळ्या जोडलेल्या असतात. एक भरण्याची, एक हवेची, एक इंजिनाकडे तेल नेणारी आणि एक उरलेले तेल परत आणणारी. शिवाय तेलाची पातळी दाखवणारी काच किंवा तार. सोडवण्यापूर्वी प्रत्येकीला चिंधी बांधून खूण करा. पुढल्या आठवड्यात सगळ्या नळ्या सारख्याच दिसतात आणि जाणारी व येणारी यांची अदलाबदल झाली तर इंजिन चालत नाही. सोडवलेल्या तोंडांना लाकडी बुचे मारा. गंजून धरलेल्या नटांना गंज सोडवणारे पातळ तेल लावून रात्रभर सोडा. सकाळी पाना मानतो. नाही मानला तर हाताच्या करवतीने, साबणाचे पाणी टाकत टाकत, बोल्ट कापा. नट सुटावा म्हणून ज्योतीने तापवण्याची सवय पुष्कळ मिस्त्रींना असते. ती येथे गिळावी.

आता मापे. येथे घाई केली की पुढे दोन दिवस जातात. आपल्या टाकीचे तोंड ०.६ गुणिले ०.६ मीटर, आणि फाळका समजा ०.७५ मीटरचा चौकोन. म्हणजे टाकी उभी केली तर फाळक्यातून जाईल. पण उभी करायची तर आडवीची उभी होताना तिचा कोपरा वर कोठपर्यंत जाईल? १.२ चा वर्ग अधिक ०.६ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.३४ मीटर. इंजिनखोलीत डेकच्या तुळयांखाली १.३० मीटरच उंची असेल तर टाकी चार सेंटिमीटरसाठी अडेल. फाळक्याच्या नेमकी खाली फिरवली तर मात्र कोपऱ्याला वर मोकळी जागा मिळते. पायथागोरसचा सिद्धांत फळ्यावर शिकवताना मुले जांभया देतात. गुरुजींनी हे गणित एकदा जेटीवर नेऊन घातले तर ती जांभई देणार नाहीत, कारण वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील त्या टाकीजवळ घाम गाळत असतील.

गणिताहूनही सोपी एक युक्ती आहे. बांबूच्या कामट्यांचा टाकीच्या मापाचा हलका सांगाडा बांधा आणि आधी तो बाहेर काढून बघा. कोठे अडतो, कोणती नळी आड येते, कोणत्या कुशीवर वळवला म्हणजे सुटतो, हे सगळे शंभर किलोचे लोखंड अंगावर न घेता कळते. शंभर किलो म्हणण्याचे कारण असे. टाकीच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ३.६ चौरस मीटर. तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला साडेतेवीस किलो. म्हणजे नुसत्या पत्र्याचे ८५ किलो. आतले आडपडदे आणि नळ्यांची तोंडे मिळून शंभराच्या आसपास.

हे वजन माणसांनी हातांवर पेलायचे नाही. टाकीचे पट्टे आणि ठोकळे काढल्यावर ती जागेवरून हलत नाही, कारण बुड लाकडाला चिकटलेले असते. एका बाजूने लाकडी पाचर हळूहळू ठोकत ती उचकटा. पहारीने एकदम जोर केला तर पहार गंजक्या पत्र्यातून आत जाते. सुटली की साबण लावलेल्या फळीवरून तिला फाळक्याखाली सरकवा. डेकवर भक्कम वाशांची तिकटी उभी करून तिला चेनपुली बांधा आणि टाकी सरळ वर घ्या. तिकटीचे पाय डेकच्या तुळयांवर यावेत, नुसत्या फळ्यांवर नकोत. टाकी लोंबकळत असताना तिच्याखाली कोणी उभे राहू नये. भरतीच्या लाटा येत असतील तर हे काम थांबवावे; लाँच कलली की टाकी घंटेच्या लोळासारखी झुलते.

कित्येकदा मात्र मापे घेतल्यावर कळते की टाकी कशीही बाहेर येणार नाही. टाकी इंजिनाच्या मागे असेल तर इंजिन आधी हलवावे लागते. म्हणून इंजिन मोठ्या दुरुस्तीला उतरवायचे असेल त्याच वर्षी टाकीचेही काम धरावे. इंजिन हलवूनही जागा नसेल तर तीन वाटा उरतात. डेक उघडणे, टाकी तेथेच थंडपणे कापणे, किंवा टाकी आहे तेथेच सोडून देणे.

डेक उघडण्याला मालक फार भितात. लाकडी डेक फोडायचा म्हणजे लाँचच मोडली, असे त्यांना वाटते. माझे मत उलट आहे. चांगला होडीसुतार चारसहा फळ्या खिळे न मोडता उचलतो आणि पुन्हा बसवून सांधी भरून देतो. फळी ही बदलण्याचीच वस्तू आहे. फळ्यांखालच्या आडव्या तुळया मात्र सुताराने आधी टेकू दिल्याशिवाय कापू नयेत; लाँचीच्या दोन्ही कुशी त्यांनीच धरून ठेवलेल्या असतात. आणि डेक उघडलाच आहे तर तेथे कायमचा, बोल्टने बसणारा फाळका करून घ्यावा, म्हणजे पुढच्या वेळी ही यातायात नको. फायबरच्या लाँचीचा डेकही कापून पुन्हा जोडता येतो; पण ते यंत्राने कापणे झाले, तेव्हा आधी तेल, वाफ आणि गाळ यांचा पूर्ण निकाल लावूनच.

टाकी जागच्या जागी कापण्याची वाट दिसायला स्वस्त आणि करायला कठीण. टाकी साबणाच्या गरम पाण्याने दोनतीनदा धुवावी लागते. धुऊन आज वास गेला तरी उद्या सकाळी पुन्हा येतो, कारण गंजाच्या पापुद्र्यांत मुरलेले तेल रात्रभर वाफ सोडत असते. म्हणून वाफ मोजणाऱ्या यंत्राने, कापण्याच्या अगदी आधी आणि मधूनमधून, टाकीत वर, मध्ये आणि तळाशी तपासावे आणि आकडा शून्य असला तरच पुढे जावे. मोठ्या बंदरांत जहाजांची अशी तपासणी करून दाखला देणारे रसायनज्ञ असतात. लाँचीच्या मालकाने निदान मोजयंत्र असलेल्या माणसाला तरी गाठावे. नाक हे मोजयंत्र नाही. मग हाताची करवत, पात्यावर सतत साबणपाणी, आणि सावकाश. दोन माणसे आळीपाळीने दोन दिवस कापतील. ज्याला दोन दिवस नाहीत त्याने डेकच्या फळ्या उचलाव्यात.

टाकी किनाऱ्यावर आल्यावर भंगारवाला ती ज्योतीने कापायला बसतो, तेव्हाही हाच नियम लागू आहे, हे त्याला सांगा. धुऊन, पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरून, हवेचे तोंड उघडे ठेवून मग कापणे ही किनाऱ्यावरची जुनी रीत आहे. लाँचीच्या आत ती चालत नाही. गळक्या टाकीत चारशे लिटर पाणी ओतून ते बोटीच्या तळातच जाणार.

तिसरी वाट, टाकी आहे तेथेच सोडून देण्याची. तिच्यातला गाळ काढून, धुऊन, वाळवून, सगळ्या नळ्या काढून तोंडे पक्की बंद करायची आणि नवी टाकी दुसरीकडे बसवायची. यात एक गोष्ट विसरली जाते. डेकवरचे तेल भरण्याचे जुने तोंड तसेच राहते. वर्षभराने नवा खलाशी त्याच तोंडात डिझेल ओततो आणि ते सरळ लाँचीच्या तळाला जाते. म्हणून ते तोंड डेकवरून उखडूनच टाकले पाहिजे. शिवाय नवी टाकी कोठे बसते याला महत्त्व आहे. ४३२ लिटर डिझेलचे वजन ३६० किलोच्या घरात जाते. पाच-सहा माणसांचे हे वजन खालून उचलून डेकवर ठेवले तर लाँच डोलकर होते. एका कुशीला ठेवले तर ती कलते.

टाकी निघाली की लगेच नवी बसवण्याची घाई करू नये. वीस वर्षे टाकीमागे लपलेले वाक आणि फळ्या आता प्रथमच डोळ्यांना दिसत आहेत. सुताराला बोलावून टोच्याने लाकूड टोचून बघा. टोचा सहज आत गेला तर तेथे कूज आहे. खिळ्यांची डोकी उरली आहेत की नाही तेही पाहावे. टाकी काढण्याच्या खर्चात हे दर्शन फुकट मिळते, आणि पुष्कळदा टाकीपेक्षा तेच अधिक मोलाचे ठरते.

नवी टाकी करताना एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान कराव्यात. ०.६ मीटरच्या घनाकार दोन टाक्यांत तेवढेच डिझेल मावते, प्रत्येकीचे वजन पन्नास किलोच्या आसपास राहते, आणि ती आहे त्या फाळक्यातून न फिरवता वरखाली जाते. एकीतले तेल खराब झाले तर दुसरीवर घरी येता येते. दोघींच्या मध्ये कॉक हवा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आतून डिझेलला लागू देऊ नये. जस्त आणि डिझेल यांची मैत्री जमत नाही, आणि त्यातून होणारा चिकट पदार्थ पुन्हा फिल्टरमध्येच येतो. साधा जाड पोलादी पत्रा, बाहेरून चांगला रंग, आत आडपडदे, बुडाला एका बाजूस उतार आणि त्या टोकाला पाणी काढण्याचा कॉक, एवढे मागावे. वर हात आणि चिंधी जाईल एवढे तपासणीचे झाकण हवेच. टाकी सपाट टेकवू नये. न कुजणाऱ्या पट्ट्यांवर बसवावी, म्हणजे बुडाखालून हवा फिरते. दोन्ही टाक्यांच्या सर्व बाजूंनी बोट जाईल एवढी तरी जागा सोडावी.

बसवण्यापूर्वी टाकीची तोंडे बंद करून आत थोडी हवा भरावी, साधारण दोन मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतक्या दाबाची, आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. सायकलच्या पंपाने हे काम होते. मोठा कंप्रेसर लावला तर पत्रा फुगून सांधे उकलतात. मग टाकी जागेवर घट्ट बांधून नळ्या खुणांप्रमाणे जोडाव्यात, थोडे डिझेल घालून इंजिन धक्क्यालाच दोन तास चालवावे आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवून गळती बघावी. त्यानंतर पहिला फिल्टर काढून नवा घालावा. जुन्या नळ्यांत राहिलेला गंज या दोन तासांत त्यात येऊन बसलेला असतो. पहिल्या दोन फेऱ्यांना जादा फिल्टर आणि तो बदलायचा पाना बरोबर असू द्यावा.